सलाईन म्हणजे शक्ती नव्हे

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. कामाचा एक दिवस बुडाला, तर 'खाडा' पडतो आणि त्याचा दंड भरावा लागतो. साहजिकच अंगात कणकण आली की विश्रांती घेण्याऐवजी 'डॉक्टर, एक सलाईन लावा' अशी मागणी होते. शहरांतही 'ताकदीसाठी' सलाईनच्या जोडीला अमिनो आम्लांची बाटली मागितली जाते. या बाटल्यांत नेमके असते तरी काय?

साधे सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. ऊर्जा मुळीच नसते. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीतून २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी मिळतात. मात्र तीव्र अतिसारात किंवा रक्तदाब कोसळल्यास हेच द्रव प्राण वाचवतात. स्कॉटलंडमधील डॉ. थॉमस लट्टा यांनी १८३२ मध्ये कॉलऱ्याच्या रुग्णांवर हा उपाय प्रथम केला.

अमिनो आम्ले हे प्रथिनांचे घटक होत. आपल्या प्रथिनांत ती प्रामुख्याने २० प्रकारची असतात. त्यांपैकी नऊ आहारातूनच मिळवावी लागतात. आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण किंवा अपुऱ्या दिवसांची बालके यांचे आतडे अन्न पचवू शकत नाही, तेव्हा ती शिरेवाटे देतात. सोबत पुरेशी ऊर्जा न दिल्यास शरीर ही महागडी आम्ले इंधन म्हणून जाळून टाकते. दहा टक्क्यांच्या २०० मिलिलिटर बाटलीत ती २० ग्रॅम असतात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीची प्रथिनांची रोजची गरज मात्र सुमारे ५० ग्रॅम असते.

यकृत वा मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत ही आम्ले फार जपून द्यावी लागतात. हृदयरोग्याला अनावश्यक सलाईन दिल्यास फुप्फुसात पाणी साचू शकते. सुईच्या जागी जंतुसंसर्गाचा धोका असतो, तो वेगळाच.

आतडे काम करीत असेल, तर तोंडाचा मार्गच श्रेष्ठ. १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. अमिनो आम्लांसाठी तर मराठवाड्याचे पिठले-भाकरीच पुरेसे बोलके उदाहरण आहे. ज्वारीत लायसिन हे आवश्यक आम्ल कमी असते, ते हरभरा पुरवतो. हरभऱ्यातील गंधकयुक्त आम्लांची उणीव ज्वारी भरून काढते.

सलाईननंतर वाटणारी तरतरी बहुधा पाण्याची, विश्रांतीची आणि विश्वासाची असते. रक्तक्षय, क्षयरोग वा मधुमेह त्याने बरा होत नाही. म्हणूनच थकवा आठवडेच्या आठवडे टिकला, तर बाटली मागण्याऐवजी जवळच्या शासकीय रुग्णालयात रक्ततपासणी करून घ्यावी. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. आजाराचे मूळ सापडले, तरच उपचाराला अर्थ उरतो.