चार्जिंग चालू, तरी बॅटरी रिकामी!

एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो. दोन्ही नळ एकदम सोडले तर काय होईल? हे गणित आपण सर्वांनी शाळेत सोडवले आहे. ‘असे नळ सोडून ठेवतो तरी कोण?’ अशी शंकाही बहुतेक वर्गांत निघते. संगणकावर लढाऊ विमाने उडवणाऱ्या खेळाडूंना मात्र हे गणित रोज भेटते. त्यांच्या डोक्यावरचा व्हीआर हेडसेट संगणकाला तारेने जोडलेला असतो, चार्जिंगची खूण दिसत असते. तरीही तीन-चार तासांनी, नेमके शत्रूचे विमान पाठीशी लागलेले असताना, डोळ्यांसमोर अंधार होतो. असे का होते? हेडसेट बिघडला आहे का? नाही. हिशेब जुळत नाही, एवढेच. तो हिशेब आपण मांडून पाहू या.

जमिनीवरचे उड्डाण

जमिनीवर बसून उडायला शिकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधील हवेचे पंप आणि भाते वापरून लिंक यांनी १९२९च्या सुमारास डुलणारे, कलणारे एक छोटे खोटे विमान तयार केले. १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने अशी सहा यंत्रे विकत घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक त्यांवर शिकले. लिंक यांचे यंत्र शरीराला हलवत असे. आजचा घरगुती व्हीआर हेडसेट शरीराला जागचे हलवत नाही, तो फक्त डोळ्यांची समजूत घालतो.

लढाऊ विमानाच्या खेळात याचा मोठा फायदा होतो. हवाई लढाईत वैमानिकाला सतत मान वळवून वर, मागे, बाजूला पाहावे लागते. साध्या पडद्यासमोर त्यासाठी बटणे दाबावी लागतात. हेडसेटमध्ये मात्र मान वळवली की दृश्यही वळते. पण ही समजूत टिकवणे सोपे नाही. ‘डीसीएस वर्ल्ड’ किंवा ‘आयएल-२’ यांसारखे खेळ खेळताना ज्या चमत्कारिक गोष्टी दिसतात, त्यांचे मूळ इथेच आहे.

ठिपका की विमान?

२०२० साली बाजारात आलेल्या क्वेस्ट २ या हेडसेटचे उदाहरण घेऊ. यात प्रत्येक डोळ्यासमोर आडवे १८३२ आणि उभे १९२० चित्रबिंदू असतात. आडवे दृश्य सुमारे ९० अंशांचे. म्हणजे एका अंशात सुमारे २० बिंदू. निरोगी डोळा मात्र एका अंशाचे ६० भाग, म्हणजे एक-एक कलेचा कोन, वेगळा ओळखू शकतो. या पडद्यावरचा एक बिंदू ३ कलांचा आहे, तेव्हा हेडसेटमधील दृष्टी खऱ्या दृष्टीच्या तिपटीने भरड आहे.

आता ११ मीटर रुंदीचे एक विमान घ्या. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर साधारण एवढेच होते. ३ कला म्हणजे ०.०००८७ रेडियन. ११ ला या संख्येने भागले की सुमारे १२.६ किलोमीटर येतात. इतक्या अंतरावर ते विमान पडद्यावर एकच बिंदू व्यापते. पण नुसते दिसणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. आकार ओळखायला किमान दहा बिंदू हवेत असे धरले, तर हे अंतर सव्वा किलोमीटरवर येते. उघड्या डोळ्यांनी याच हिशेबाने पावणेचार किलोमीटरवरून ओळख पटली असती. समोरचे विमान आपले की शत्रूचे, हे हेडसेटमध्ये इतक्या उशिरा का कळते, ते यावरून लक्षात येईल.

गंमत अशी की, याच्या उलटही घडते. विमान एका बिंदूहून लहान झाले तरी काही खेळांत त्यासाठी एक पूर्ण बिंदू काढला जातो. अर्धा बिंदू काढताच येत नाही! भरड पडद्यावरचा बिंदू मोठा, म्हणून फार दूरचे विमान भरड पडद्यावरच अधिक ठळक दिसते. महागडा पडदा घेणाऱ्याला शत्रू उशिरा दिसावा, असा हा विचित्र न्याय आहे.

अंदाजाने काढलेली चित्रे

दोन्ही डोळ्यांचे मिळून सत्तर लाखांहून अधिक बिंदू होतात. सेकंदाला ९० वेळा ते नव्याने रंगवायचे, म्हणजे सेकंदाला सुमारे ६३ कोटी बिंदू! एका चित्रासाठी ११ सहस्रांश सेकंद मिळतात. संगणकाला तेवढ्यात काम जमले नाही, तर तो निम्मीच चित्रे खरी काढतो आणि मधली चित्रे आधीच्या हालचालीवरून अंदाजाने भरतो. सावकाश सरकणाऱ्या डोंगरांबाबत हा अंदाज बरोबर ठरतो. पण फिरणारा पंखा किंवा जवळून सपकन जाणारे विमान यांचा अंदाज चुकतो. पंख्याभोवतीची हवा पाण्यासारखी लहरते, विमानाची दोन विमाने दिसतात. हे हवेचे भौतिकशास्त्र नव्हे, वेळेची टंचाई आहे.

चित्र उशिरा आले तर शरीरही तक्रार करते. डोळे सांगतात, आपण वेगाने वळतो आहोत. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी इंद्रिये सांगतात, आपण खुर्चीत स्वस्थ बसलो आहोत. या विसंगतीने अनेकांना घाटातल्या बसमध्ये होते तशी मळमळ होते. तेव्हा चित्रांचा वेग फार कमी करून चालत नाही.

हौदाचे गणित

इथे आपण ऊर्जेकडे येतो. दृश्य संगणक तयार करतो हे खरे, पण ते दाबून लहान केलेल्या स्वरूपात हेडसेटकडे येते. ते उलगडणे, पडदे उजळणे, डोक्याची हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे काम पाहणे, हे सगळे हेडसेटलाच करावे लागते.

क्वेस्ट २ च्या बॅटरीत सुमारे १४ वॉट-तास ऊर्जा मावते आणि ती दोन ते तीन तास पुरते. म्हणजे खर्च साधारण पाच ते सात वॉट. आपण ६ वॉट धरू. आता आवक पाहा. यूएसबी २.० च्या साध्या खाचेतून ५ व्होल्ट विभवांतराला ०.५ अँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. यूएसबी ३.० मधून ०.९ अँपिअर, म्हणजे साडेचार वॉट.

चार्जिंगविना : १४ ÷ ६ = सुमारे २ तास २० मिनिटे.
यूएसबी २.० ला जोडून : १४ ÷ (६ − २.५) = ४ तास.
यूएसबी ३.० ला जोडून : १४ ÷ (६ − ४.५) = सुमारे ९ तास २० मिनिटे.

चार्जिंगची खूण फक्त आवक चालू आहे एवढेच सांगते. आवक खर्चापेक्षा जास्त आहे असे सांगत नाही. हा फरक विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवण्यासारखा आहे.

तार मध्येच काय खाते?

वरच्या हिशेबात एक गृहीत लपले आहे : संगणकातून निघालेली सगळी वीज हेडसेटला पोहोचते. मान वळवायला मोकळीक हवी म्हणून तार लांब, समजा ५ मीटर, असते. वीज जाते आणि परतते, म्हणून तांबे १० मीटर. तारेचा छेद ०.२ चौरस मिलिमीटर असेल तर तिचा रोध सुमारे ०.८५ ओहम येतो. ०.९ अँपिअर धारेला तारेतच पाऊण व्होल्ट खर्ची पडतो आणि साडेचार वॉटचे ३.८ वॉट उरतात. तार याहून बारीक असेल तर विभवांतर इतके घसरते की चार्जिंग मंदावते किंवा थांबते.

मग धारा वाढवावी का? १८ वॉट ५ व्होल्टने पाठवायचे तर ३.६ अँपिअर लागतील आणि याच तारेत ११ वॉट उष्णतेत जातील! तेच ९ व्होल्टने पाठवले तर २ अँपिअर पुरतात आणि नाश ३.४ वॉटवर येतो, कारण नाश धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. नव्या चार्जरमध्ये विभवांतर वाढवण्याची सोय असते ती यासाठीच. महाराष्ट्रातील मोठ्या वीजवाहिन्या ४०० किलोव्होल्टवर चालतात, त्यामागचे कारणही हेच आहे.

म्हणून अनुभवी खेळाडू पुढील उपाय करतात : संगणकाच्या खाचेऐवजी स्वतंत्र चार्जरमधून वीज घेणारा जोड वापरणे, तार जाड व गरजेपुरतीच लांब घेणे, पडद्याचा उजेड कमी करणे, किंवा डोक्याच्या मागे पॉवर बँक बांधणे. शेवटच्या उपायाने पुढे झुकणाऱ्या वजनाचा तोलही साधतो. पण इथेही वेष्टनावरच्या आकड्याने फसू नये. १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतील ३.७ व्होल्टच्या घटांचा असतो. ऊर्जा ३७ वॉट-तास. विभवांतर बदलताना १५ टक्के गेली असे धरल्यास सुमारे ३१ वॉट-तास हाती येतात. ६ वॉटच्या हेडसेटला ती पाच तास पुरेल. मात्र चार्ज होताना लिथियम बॅटरी तापते, तेव्हा हेडसेट हाताला फार गरम लागला तर खेळ थांबवलेला बरा.

वर्गात करण्यासारखे

हेडसेट नसला तरी काही बिघडत नाही. शिक्षकांजवळचा मोबाईल पुरे. बॅटरी ५० टक्के असताना तो संगणकाच्या खाचेला जोडा, पडदा पूर्ण उजळून चलच्चित्र लावा आणि दर १० मिनिटांनी टक्केवारी नोंदवा. नंतर लांब तार, आखूड तार, भिंतीवरचा चार्जर असे एक-एक बदल करून पुन्हा नोंदवा. टक्केवारी आणि वेळ यांचे आलेख काढले की प्रत्येक रेषेचा चढ-उतार म्हणजे आवक वजा खर्च, हे विद्यार्थ्यांना दिसेल. मग त्यांना विचारा : १९ वॉट-तासांची बॅटरी २.२ तासांत संपवणारा हेडसेट साडेचार वॉटच्या खाचेला जोडला, तर तो किती वेळ चालेल? उत्तर साडेचार तासांच्या आसपास यायला हवे.