कमलाताईंपासून आशाताईंपर्यंत

नागपूरच्या महालात गांधी गेटातून आत शिरून बडकस चौकाकडे चालत निघालं, की औषधांची दुकानं, पॅथॉलॉजी लॅब आणि डॉक्टरांच्या पाट्या एकामागून एक लागतात. इथे मातृसेवा संघाचं रुग्णालय आहे, महापालिकेचं प्रभाकरराव दटके रोगनिदान केंद्र आहे. उत्तरेला थोडं गेलं की बायका-मुलांचं डागा, त्यापुढे मेयो, दक्षिणेला मेडिकल. नागपूरकर ही नावं अशीच घेतात : ‘डागात नेलं’, ‘मेयोत भरती आहे’, ‘मेडिकलला पाठवलं’. गडचिरोलीत पावसाळ्यात पहिलटकरणीला नाला ओलांडून न्यावं लागतं. इथे ऑटो मिळाला की दहा-पंधरा मिनिटांत दवाखान्याचं फाटक.

तरीही या जुन्या वस्तीच्या आतल्या गल्ल्यांत, वाड्यांच्या मागच्या भाड्याच्या खोल्यांत, उपचार वेळेवर पोचत नाहीत. कारणं साधी आहेत. ओपीडीच्या रांगेत उभं राहायचं तर दिवसाची रोजी बुडते. नवरा हमालीला, सासू धुणीभांडी करायला; सोबत येणार कोण? आधार कार्डावर गावाकडचा पत्ता. मागच्या खेपेला कोणीतरी खिडकीवरून खेकसलेलं असतं, ते मनातून जात नाही. आणि ‘काही त्रास नाही ना, मग कशाले जायचं?’ हा प्रश्न तर घरोघरी. हे अंतर रस्त्याने मोजता येत नाही. ते तोडायला कोणीतरी दारात जावं लागतं, पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि ते माणूस त्या गल्लीच्या ओळखीचं असावं लागतं.

नागपूरला ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका बाईने करून दाखवली. रोगराईची दहशत या शहराने नीट अनुभवलेली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणारा काळ्या मारबतीचा पुतळा १८८१ पासूनचा, पिवळीचा १८८५ पासूनचा. लोक आजही तिला घरातली पीडा आणि खोकला घेऊन जायची विनवणी करतात. त्याच काळात बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म मानला जाई, कारण त्यातून सगळ्याच जणी परत येत नसत. १८९६ साली खानदेशात शिरपूरला जन्मलेल्या कमलाताई होस्पेट लहानपणीच लग्न होऊन पंधराव्या वर्षी विधवा झाल्या. पुढे त्यांनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात, म्हणजे आजच्या डागात, परिचारिका-सुईणीचं शिक्षण घेतलं. पांढरपेशा घरातल्या विधवेने दुसऱ्यांची बाळंतपणं करायला जाणं हे तेव्हाच्या समाजाला मानवणारं नव्हतं. कमलाताईंनी मैत्रीण वेणूताई नेने यांना सोबत घेऊन १९२१ मध्ये मातृसेवा संघ सुरू केला. सीताबर्डीवर छोटंसं प्रसूतिगृह निघालं, आणि मग शाखा वाढत विदर्भाबाहेरही गेल्या. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; १९८१ मध्ये त्या गेल्या.

कमलाताईंच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब इमारती नाहीत. समाजाने ओझं म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या बायकांना शिकवून रुग्णाच्या उशाशी उभं करता येतं, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्याने सिद्ध केलं.

हाच विश्वास पुढे महाराष्ट्रात आणखी दोन ठिकाणी फळला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये प्रकल्प सुरू केला आणि गावातल्या, बहुतेक दलित आणि निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ मध्ये उभी राहिली. तिथल्या एका साध्या उपकरणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. बाळाला न्यूमोनिया झालाय का, हे ओळखायचं तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. ज्या दाईला साठपर्यंत आकडे येत नाहीत, तिने काय करायचं? तिच्यासाठी श्वासमापक तयार झाला : एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी वरची ओळ, त्याहून मोठ्यासाठी खालची. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता येणारी बाई त्या मिनिटापुरती निदान करणारी झाली.

याच सर्चच्या आरोग्यदूतांनी ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर ‘आशा’ या आरोग्य-स्वयंसेविका आल्या, २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचं काम त्यांच्याकडे आलं, आणि २०१३ च्या नागरी अभियानाने आशाताई शहरातल्या वस्त्यांतही पोचल्या. दर २०० ते ५०० घरांमागे एक, असं शहराचं माप.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. आधी साबणाने हात. मग झोळीत बाळ घालून काट्याला अडकवायचं आणि वजन वाचायचं. अडीच किलोच्या खाली असेल तर जास्त लक्ष. काखेत थर्मामीटर. नाळेला पू नाही ना, छाती आत ओढली जात नाही ना, अंगावर दूध नीट ओढतंय ना. आईला विचारायचं : अंगावरून जास्त जातंय का, ताप आहे का? शेवटी फॉर्म भरून सही. सहाही भेटी पुऱ्या झाल्या की मोबदला २५० रुपये.

शहरात याला एक वेगळीच अडचण येते. सासरच्या आशाताईने नऊ महिने नाव नोंदवून, लोहाच्या गोळ्या देऊन जिला सांभाळलं, ती बाळंतपणाला माहेरी निघून जाते. कधी भंडारा, कधी बालाघाट. तिकडून महालात माहेरपणाला आलेलीची नोंद इथे नसते. खोली बदलली की पत्ता बदलतो. अशा वेळी रजिस्टर अपुरं पडतं. शेजारणीकडून ‘हाव, पोरगी आली न परवा’ एवढं कानावर यावं लागतं. गल्लीची ओळख लागते ती इथे.

संकटात ती ओळख आणखी उपयोगी पडली. मार्च २०२० मध्ये नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. पुढे महालच्या शेजारचे मोमिनपुरा, सतरंजीपुरा सील झाले. लोक दार उघडायला घाबरत होते, तेव्हा राज्यभर आशाताई घरोघरी ताप मोजत फिरल्या. मार्च २०२५ मध्ये महाल-हंसापुरीत हिंसाचार झाला आणि कोतवालीसह अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. पण बाळाचा सातवा दिवस संचारबंदी उठायची वाट पाहत नाही, आणि टीबीची गोळीही चुकवून चालत नाही. अशा दिवसांत दोन्ही बाजूंच्या घरांत जिच्यासाठी दार उघडतं, तिची किंमत शहराने ओळखायला हवी.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना गौरवलं. घरी मात्र त्यांना सरकारी भाषेत अजूनही स्वयंसेविकाच म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर गेल्या, मुंबईच्या आझाद मैदानावर बसून राहिल्या, तेव्हा मार्चमध्ये राज्याने दरमहा ५००० रुपये वाढवले. ही वाढ त्यांनी झगडून मिळवली, पण तिने मूळ प्रश्न सुटत नाही. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन द्यावं, अशी शिफारस केली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. आशाताईंना नियमित वेतन आणि निवृत्तीची तरतूद नाकारायला आता कोणतंही पटणारं कारण उरलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कमलाताईंच्या काळी समाज बाईच्या सेवेला त्याग म्हणून मोकळा होत असे. शंभर वर्षांनी सरकारनेही तेच करावं, हे मान्य होण्यासारखं नाही.

महालच्या वाचकांनी एवढं करावं. नगरसेवक भेटला की रस्ता आणि गटाराबरोबर तीन प्रश्न विचारावेत : आपल्या प्रभागात आशाताई किती आहेत, किती जागा रिकाम्या आहेत, आणि त्यांना मागच्या महिन्याचे पैसे कधी मिळाले?