कालनिर्णयवरच्या खुणा

फोन सुरू व्हायच्या आधी मी फॅक्सचा ट्रे बघते. न्यू जर्सीतल्या एका फॅमिली डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये रेफरल आणि ऑथरायझेशनचं काम माझ्याकडे आहे. मार्चमधल्या त्या सोमवारी सगळ्यात वर नकाराचा कागद होता. कंबरेचा एमआरआय, कोड ७२१४८, नामंजूर. सहा आठवडे उपचार केल्याची नोंद नाही, हे कारण.

पेशंट साताऱ्याकडचे, इथे गोदामात माल चढवायच्या कामावर. हप्ता परवडावा म्हणून त्यांनी एचएमओ योजना घेतलेली. तिच्यात आधी आपल्या ठरलेल्या डॉक्टरांकडे यायचं, त्यांच्या रेफरलवर तज्ज्ञाकडे जायचं, आणि तो तज्ज्ञही योजनेच्या नेटवर्कमधलाच हवा. इमर्जन्सीला ही अट नाही. पीपीओ या दुसऱ्या प्रकारच्या योजनेत सहसा रेफरल लागत नाही, नेटवर्कबाहेरही जाता येतं, पण त्याचे पैसे जास्त पडतात.

मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "ताई, डॉक्टरांनीच सांगितलंय ना एमआरआय करायला? मग मधे हे कोण?"

हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं, आणि मला तो अगदी रास्त वाटतो. त्याचं उत्तर जरा मागे जाऊन शोधावं लागतं. १९३३ मध्ये डॉ. सिडनी गारफील्ड यांनी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात कालव्याच्या कामगारांसाठी बारा खाटांचं इस्पितळ काढलं. विमा कंपन्यांकडून पैसे वेळेवर येईनात, इस्पितळ बुडायला आलं. तेव्हा दर कामगारामागे रोज पाच सेंट आगाऊ घ्यायचे असं ठरलं. पैसे आधीच हातात आल्यावर अपघात टळण्यातच इस्पितळाचं हित होतं, म्हणून गारफील्ड कामाच्या जागी जाऊन धोके शोधू लागले. त्यातूनच पुढे कायझर ही आरोग्य योजना उभी राहिली, आणि १९७३ च्या कायद्याने एचएमओंना देशभर बळ दिलं. माणूस आजारीच पडू नये, ही मुळातली कल्पना मला आजही मोलाची वाटते. पण ठरलेल्या रकमेत भागवायचं म्हटलं की उपचार अडवूनही पैसे वाचतात. मधे कोणीतरी येऊन बसतं ते इथेच.

नकाराचं पत्र मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. पहिलं पान ठरीव मजकुराचं असतं, नेमकी कुठली अट अडली ते आत कुठेतरी एका वाक्यात सापडतं. मी विचारलं, "व्यायाम केलात का काही?"

"दोन महिने झाले की! पुतणी फिजिओ आहे, व्हिडिओ कॉलवर करून घेते."

नेटवर्कमधल्या फिजिओकडे आठवड्यातून दोनदा जायचं तर दर वेळी कोपे, म्हणजे भेटीमागे आपल्या वाट्याचे पैसे, भरायचा आणि अर्धी पाळी बुडवायची. त्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. आमच्याकडूनही कुणी विचारलं नाही. फाइलमध्ये फक्त कंबरदुखी आणि गोळ्यांची नावं. दोन महिन्यांची मेहनत, पण कागदावर तिचा मागमूस नाही. त्याची मला अजून चुटपुट लागते.

दुपारी ते आले ते स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून घेऊन. व्यायाम केलेल्या प्रत्येक तारखेवर निळी खूण होती. मी दोन्ही पानांच्या झेरॉक्स फाइलला लावल्या. डॉक्टरांनी त्यांना टाचांवर चालायला सांगितलं. डावा चवडा नीट उचलला जात होता, उजवा खाली राहत होता. आठवडाभरात ते वाढलंय, असं ते म्हणाले. अशी वाढती कमजोरी असेल तर सहा आठवडे थांबायचं कारणच उरत नाही. डॉक्टरांनी नोंद नव्याने लिहिली: कुठला स्नायू, किती अशक्त, कधीपासून.

मग पीअर टू पीअर, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी विमा कंपनीच्या डॉक्टरांशी बोलायचं. दोन पेशंटच्या मधे पाच-सहा मिनिटांचा फोन. तिकडून विचारलं, लघवीवर ताबा आहे का, कमजोरी वाढतेय का. मंजुरी मिळाली. नसती मिळाली तर अपील होतं. त्याला १८० दिवसांची मुदत असते, आणि तेही फेटाळलं तर कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते.

मंजुरीचा नंबर मी दोनदा वाचून घेतला. तरी काम संपलं नव्हतं. मंजुरी आली म्हणजे सगळे पैसे कंपनी भरते असं नाही. वर्ष नुकतंच सुरू झालेलं, त्यांचं डिडक्टिबल, म्हणजे कंपनी पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, बरंच शिल्लक. तेवढी रक्कम खिशातूनच जाणार. म्हणून इस्पितळाऐवजी नेटवर्कमधल्या स्वतंत्र इमेजिंग सेंटरमध्ये दर विचारला. तो बराच कमी निघाला. गुरुवारी सकाळी साडेसातची वेळ घेतली, म्हणजे दुपारची पाळी बुडायला नको.

जाताना त्यांनी कालनिर्णय परत मागितलं. गुरुवारच्या चौकोनात मी वेळ आणि पत्ता लिहून दिला.