ॲस्पिडिस्ट्रा : एका काटक शोभेच्या वनस्पतीची जोपासना

दक्षिण जपानच्या बेटांवर वृक्षांच्या दाट सावलीत वाढणारी ॲस्पिडिस्ट्रा इलॅटिअर ही वनस्पती एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत स्थिरावली. कोळशाचा धूर, गॅसच्या दिव्यांनी दूषित झालेली हवा आणि अपुरा उजेड यांत इतर शोभेची झाडे तग धरीत नसत; ही टिकली. 'ओतीव लोखंडाची वनस्पती' हे तिचे रूढ नाव त्यावरूनच पडले. पुढे जॉर्ज ऑर्वेलने १९३६ च्या आपल्या कादंबरीत तिला मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचे प्रतीक केले.

तिच्या चिवटपणाचे रहस्य मातीत आडव्या वाढणाऱ्या मूलक्षोडात आहे. त्यात पाणी व अन्न साठत असल्याने पाणी देण्यास विलंब झाला तरी चालते. कुंडीत पाणी साचल्यास मात्र मूलक्षोड कुजते. किंबहुना हे झाड दुर्लक्षापेक्षा अतिकाळजीनेच अधिक दगावते. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. थेट उन्हाने पाने करपतात. वाढ संथ असल्याने कुंडी वारंवार बदलू नये. वसंतात मूलक्षोडाचे दोन-तीन पानांसह तुकडे करून नवी रोपे तयार करावीत.

जांभळट फुले मातीलगत उमलत असल्याने सहसा नजरेस पडत नाहीत. गोगलगायी त्यांचे परागीभवन करतात, असा समज दीर्घकाळ होता. हे कार्य मुख्यत्वे बुरशीवर वाढणाऱ्या बारीक माश्या करतात, असे जपानमधील निरीक्षणांच्या आधारे २०१८ मध्ये मांडले गेले.