विश्लेषण : करोनाकाळात मुलींच्या मनावर अधिक ताण?

करोनाचा तरुणांना फारसा धोका नाही, असे सुरुवातीला म्हटले जाई. मनाचे गणित वेगळे निघाले. अमेरिकेच्या ‘सीडीसी’ने रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतील नोंदी तपासल्या. आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संशयावरून तिथे आणलेल्या १२ ते १७ वयाच्या मुलींची साप्ताहिक सरासरी फेब्रुवारी-मार्च २०२१मध्ये, २०१९च्या तुलनेत ५०.६ टक्क्यांनी जास्त होती. मुलांमध्ये वाढ अवघी ३.७ टक्के. आत्महत्या तेवढ्या वाढल्या, असा मात्र याचा अर्थ नाही.

घरात काय चालले होते?

याच संस्थेच्या २०२१मधील पाहणीत नववी ते बारावीच्या ५५ टक्के विद्यार्थ्यांनी घरातील मोठ्यांकडून शिवीगाळ, अपमान सोसल्याचे सांगितले. २९ टक्के मुलांच्या घरात कोणाची ना कोणाची नोकरी गेली होती. म्हणजे ‘घरी राहा, सुरक्षित राहा’ सर्वांसाठी खरे नव्हते.

शाळेशी जवळीक वाटणाऱ्यांपैकी ३५ टक्के सतत उदास होते, न वाटणाऱ्यांपैकी ५३ टक्के. जवळिकीने उदासी रोखली, की उदास मुलेच आधी शाळेपासून तुटली, हे एका पाहणीतून ठरत नाही.

भारतात मनावरील ताणासाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास सुरू आहे.