नावामागच्या रिकाम्या जागा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गावांच्या नावांसाठी डेटाबेसमध्ये दहा चिन्हांचा ठरावीक लांबीचा रकाना, म्हणजे कॅरॅक्टर(१०), ठेवला आणि त्यात धाराशिव जिल्ह्यातले ‘बेंबळी’ भरले, तर काय साठते? डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, पण युनिकोड मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार वेगळे मोजतो, म्हणून चिन्हे सहा होतात. उरलेल्या चार जागी स्पेस भरल्या जातात. या स्पेस निरुपद्रवी असतात, सगळे डेटाबेस त्या सारख्याच वगळतात, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चूक आहे. पोस्टग्रेस स्पेससकट २२ बाइट साठवतो, पण लांबी विचारली की सहाच सांगतो आणि पुढे दुसरा शब्द जोडला की स्पेस गाळून टाकतो. मायएसक्यूएल नेहमीच्या मांडणीत मजकूर परत देतानाच त्या काढतो, त्यामुळे मुद्दाम टाकलेली शेवटची स्पेसही जाते. ओरॅकल मात्र त्या जशाच्या तशा परत देतो. तिथे क्वेरीत थेट ‘बेंबळी’ लिहिले तर नोंद सापडते, पण तेच नाव व्हारचार२ प्रकारच्या व्हेरिएबलमधून आले तर स्पेस मोजल्या जातात आणि नोंद सापडत नाही. शोधणाऱ्याला वाटते, गावच यादीत नाही.

ठरावीक लांबीमुळे वेग वाढतो, असे यावर सांगितले जाते. पोस्टग्रेसची स्वतःची माहितीपुस्तिकाच हे नाकारते. जादा साठवणुकीमुळे हाच प्रकार सहसा सर्वांत संथ ठरतो, असे ती सांगते. आयएफएससी कोड नेहमी अकरा चिन्हांचाच असतो, मग तिथे काय बिघडते, हा प्रश्न रास्त आहे. पण कॅरॅक्टर(११) फक्त लांब मजकूर अडवतो; नऊ चिन्हांचा चुकीचा कोड तो दोन स्पेस लावून मुकाट स्वीकारतो. नेमकी लांबी हवी असेल तर व्हारचारवर चेकची अट घालावी. प्रत्येक तुलनेत ट्रिम वापरण्याचा उपायही महाग पडतो, कारण रकान्याभोवती ट्रिम आला की त्यावरचा साधा इंडेक्स सहसा कामी येत नाही.

‘आमची यंत्रणा वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते’ हा आक्षेप सर्वांत फसवा आहे. असाच रकाना जिल्ह्याच्या नावासाठी असेल, तर ‘उस्मानाबाद’ बरोबर दहा चिन्हांचे. एकही स्पेस लागत नाही आणि दोष दडून राहतो. २०२३ मध्ये नाव ‘धाराशिव’ झाले. ही चिन्हे सात, म्हणजे मागे तीन स्पेस आल्या. प्रोग्रामची एकही ओळ न बदलता ओरॅकलमधली तीच तुलना आता फसते.