जर्मन पूर्वजांचा शोध : अमेरिकेच्या दप्तरातून मूळ गावाकडे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या जर्मन पूर्वजांचा माग काढू इच्छिणाऱ्याने एक गोष्ट प्रथमच मनाशी पक्की बांधावी, ती ही की, जन्माच्या अस्सल नोंदी गावोगावच्या चर्चच्या वह्यांत विखुरलेल्या असल्यामुळे, मूळ गावाचे नाव हाती आल्यावाचून जर्मनीतील दप्तराचे दार सहसा उघडत नाही. आणि ते नाव बहुधा अमेरिकेतच शोधावे लागते.

१९०० सालच्या खानेसुमारीत जन्माचा महिना व वर्ष, आगमनाचे साल आणि नागरिकत्वाच्या रकान्यात ‘पीए’ म्हणजे अर्ज केलेला, ‘एनए’ म्हणजे नागरिक झालेला, असा मोलाचा तपशील मिळतो. परंतु जन्मस्थानापुढे कारकुनाने बहुधा ‘जर्मनी’ एवढेच लिहिलेले असते. १९०६ पूर्वीचे नागरिकत्वाचे कागदही याबाबतीत बहुतेक मौनच पाळतात.

अशा वेळी स्थलांतरितांच्या लुथरन वा कॅथलिक चर्चची विवाह व दफन-नोंदवही पाहावी. पाद्री स्वतः जर्मन असल्याने त्याने कित्येकदा गावाचे नाव आस्थेने टिपलेले असते; मात्र कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत ‘ई’ आणि ‘एन’ ही अक्षरे जवळजवळ सारखीच दिसतात, हे ध्यानी ठेवून ते सावकाश वाचावे.

ब्रेमेन बंदराच्या बहुतांश प्रवासी-याद्या नष्ट झाल्या असल्या, तरी हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ या काळातील बव्हंशी याद्या सुदैवाने सुरक्षित आहेत, आणि त्यांत प्रवाशाचे पूर्वीचे वास्तव्यस्थान नोंदलेले असते.

म्हणून धीर सोडू नये. गावाचे ते एक नाव सापडले, की पिढ्यांचा तुटलेला धागा पुन्हा हाती येतो.